चलान कुणाच्या नावावर?

गाडी मालकाची, स्टिअरिंगवर ड्रायव्हर आणि मागच्या सीटवर पार्टी. वेगमर्यादा मोडल्याचा मेसेज मात्र एकाच मोबाइलवर येतो. आरटीओच्या दफ्तरात ज्याचं नाव लागलेलं आहे, त्याच्या. मुलुंडहून शिर्डीला निघालेला टेम्पो ट्रॅव्हलर असो, घाटकोपरहून घरसामान घेऊन निघालेला छोटा हत्ती असो, की अंधेरीतून विमानतळावर सोडायला बोलावलेली अर्टिगा असो, भाड्याच्या गाडीला वेगाचं चलान पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे पैसे भरायचे कुणी? कायदा एक उत्तर देतो, धंद्याची रीत दुसरं आणि सर्व्हरवरची नोंद तिसरं. या तिन्हींचा आपसात मेळ नाही, आणि तो का नाही हे पाहायला भाड्याच्या गाडीइतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे. हवालदाराची शिट्टी वाजायची, गाडी कडेला लागायची, लायसन्स हातात घेतलं जायचं आणि पावती ड्रायव्हरच्याच नावाने फाटायची. (पावती न फाडता मिटण्याचीही एक रीत होती, पण तो विषय वेगळा.) चूक आणि चूक करणारा समोरासमोर असायचे. मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये शहरभरच्या सीसीटीव्ही जाळ्याबरोबर ई-चलान आलं आणि २०१९ मध्ये ‘एक राज्य एक चलान’ या नावाने ते राज्यभर पसरलं. यात फायदे होते. रस्त्यावरची हुज्जत कमी झाली, नोंद पक्की झाली, रोख पैशांचा व्यवहार घटला. पण कॅमेरा ड्रायव्हरला ओळखत नाही, तो नंबर वाचतो. त्यामुळे दंडाचा पत्ता बदलला, आणि तो कुठलाही कायदा न बदलता बदलला.

दंड तेवढा कायद्यानेच वाढला. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती केंद्राने सप्टेंबरपासून लागू केली, तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंड राज्यात लागू करायला नकार दिला आणि नितीन गडकरींना तसं पत्रही लिहिलं. पुढे सरकार बदललं, अनिल परब परिवहनमंत्री झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर महाराष्ट्रात आले. वेगासाठी हलक्या मोटारीला कायद्यात १,००० ते २,००० रुपयांचा पट्टा आहे. राज्याने त्यातलं वरचं टोक, म्हणजे २,००० रुपये, निवडलं. मध्यम आणि जड वाहनांना कायद्याचा पट्टा २,००० ते ४,००० रुपयांचा आहे. महिन्याच्या पगारावर गाडी चालवणाऱ्या माणसाला एका मेसेजची ही रक्कम दोन-तीन दिवसांच्या कमाईएवढी भरते.

आता कायदा नेमकं काय म्हणतो ते पाहू, कारण या विषयावरची बरीचशी भांडणं ऐकीव कायद्यावर चालतात. वेगमर्यादा कलम ११२ मध्ये आहे आणि शिक्षा कलम १८३ मध्ये. कलम १८३ गुन्हेगार धरतं ते गाडी चालवणाऱ्याला. त्याच्या जोडीला, आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला तसं चालवायला लावणाऱ्यालाही. नुसती मालकी हा या कलमात गुन्हा नाही. गाडी माझ्या नावावर आहे एवढ्यावरून वेग माझा ठरत नाही. मग मालकावर जबाबदारी काय? ती कलम १३३ मध्ये सापडते. पोलिसांनी मागणी केली की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील मालकाने द्यायचा. जो तपशील त्याच्याकडे आहे तोच नाही, तर थोडी खटपट करून जो मिळवता येईल तोही. दिला नाही तर कलम १८७ खाली त्यालाच शिक्षा.

म्हणजे कायद्याने आखलेली वाट अशी: कॅमेरा, मग मालक, मालकाकडून नाव, आणि शेवटी ड्रायव्हर. प्रत्यक्षात प्रवास दुसऱ्या थांब्यावरच संपतो. मालकाला आलेल्या मेसेजमध्ये गाडीचा नंबर असतो, रक्कम असते, पैसे भरायची लिंक असते. गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्न नसतो. पैसे भरले की प्रकरण मिटलं. कुणी भरले, हे यंत्रणा विचारत नाही आणि मालकही सांगायला जात नाही.

यात बिघडतं काय, असं कुणी विचारील. सरकारला पैसे मिळाले, मालक-ड्रायव्हर आपसात बघून घेतील. बिघडतं ते असं. दुसऱ्यांदा वेगमर्यादा मोडली तर लायसन्स जप्त करायची तरतूद कलम १८३ मध्येच आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना कळवलं होतं की अतिवेगासाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. दोन्ही गोष्टी ड्रायव्हरच्या इतिहासावर उभ्या आहेत. पण तो इतिहास कुठेच साठत नाही. जो ड्रायव्हर दर दोन-तीन महिन्यांनी मालक बदलतो आणि सहा गाड्यांवर सहा वेळा ११० च्या वेगाने जातो, त्याच्या लायसन्सवर एकही डाग नाही. सहा मालकांच्या सहा गाड्यांवर मात्र एकेक चलान आहे. उलट, मर्यादेत चालवणारा एखादा नव्या नोकरीवर रुजू होतो तेव्हा हातात येणाऱ्या गाडीवर आधीच्याची अकरा चलानं चढलेली असतात. बेदरकार हात कुठला, हे सर्व्हरला कधीच कळत नाही. ही उणीव मला रकमेच्या वादापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

‘मालक’ कोण, याची कायद्याने केलेली व्याख्याही भाड्याच्या गाडीच्या बाबतीत वाटते तितकी सरळ नाही. कलम २ च्या तिसाव्या पोटकलमानुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. पण गाडी हायर-परचेस, लीज किंवा तारण कराराखाली असेल, तर त्या कराराने जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती मालक. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात, महामंडळाने ड्रायव्हरसकट भाड्याने घेतलेल्या बसच्या अपघाताची भरपाई महामंडळावर टाकली, कारण बस आणि ड्रायव्हर दोघांवरही हुकूम महामंडळाचा चालत होता. तो निकाल भरपाईचा आहे, चलानाचा नाही. तरी त्यातला विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे: कागदावर नाव कुणाचं यापेक्षा गाडी कुणाच्या सांगण्यावरून धावत होती याला वजन आहे. बेस्टच्या ताफ्यातल्या कितीतरी बस आज भाडेतत्त्वावरच्या आहेत, ड्रायव्हर कंत्राटदाराचे आणि मार्ग नि वेळापत्रक बेस्टचं. त्यामुळे हा प्रश्न टेम्पो ट्रॅव्हलरपुरता उरलेला नाही.

आता रस्ते. उपनगरांत वेगाचं चलान पडण्याजोगा मोकळा रस्ता मिळतो कुठे, असा खोचक प्रश्न येईल. संध्याकाळी सात वाजता पवईत जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर उभं राहिलेल्याला वेगमर्यादा हा विनोदच वाटतो. पण भाड्याच्या गाड्या धावतात त्या रात्री अकरानंतर आणि पहाटे सहापूर्वी. दहिसर चेकनाक्यापासून वांद्र्यापर्यंतचा पश्चिम द्रुतगती मार्ग आणि मुलुंडपासून सायनपर्यंतचा पूर्व द्रुतगती मार्ग त्या वेळी सरळ, रुंद आणि रिकामा असतो. मोठ्या भागात ८० ची पाटी आहे. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी न सांगता ९५ ला पोचते. घाटकोपरला पूर्व मुक्त मार्गावर चढणाऱ्याचंही तेच होतं. अंधेरीहून नरिमन पॉइंटला सागरी किनारा मार्गाने जाणाऱ्याला तर एकाच रस्त्यावर तीन मर्यादा पाळाव्या लागतात: सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उताराच्या तोंडाशी ४०. बोगद्यात शिरताना ८० वरून ६० वर यायचं, हे तिथे रोज जाणाऱ्याच्या अंगवळणी पडतं. महिन्यातून एकदा पार्टी घेऊन जाणाऱ्याच्या नाही.

व्हॅनची एक खास मेख आहे, आणि ती बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसते. केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये कमाल वेगाची अधिसूचना काढली, तेव्हा ड्रायव्हर सोडून आठपर्यंत आसनांची मोटार एका रकान्यात ठेवली आणि नऊ किंवा जास्त आसनांची गाडी दुसऱ्या. एक्स्प्रेसवेवर पहिलीला १२०, दुसरीला १००. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि ९०. पालिका हद्दीतल्या साध्या रस्त्यावर ७० आणि ६०. राज्यं यापेक्षा कमी मर्यादा लावू शकतात, आणि लावतातही. म्हणजे सात आसनी इनोव्हा आणि बारा आसनी ट्रॅव्हलर शेजारी शेजारी एकाच वेगाने चालली असली तरी एक नियमात आणि दुसरी नियमाबाहेर असू शकते. गंमत अशी की दंड मोजताना मात्र हीच ट्रॅव्हलर ‘हलकं वाहन’ ठरते, कारण साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी कायद्याने हलकी. वेगाला ती बससारखी, दंडाला मोटारीसारखी. शिवाय अशा प्रवासी वाहनाला ८० वर अडवणारा वेगनियंत्रक सक्तीचा आहे. तो बसवलेला, सील शाबूत असलेला आणि चालू असेल, तर ८० च्या रस्त्यावर चलान पडूच नये. पडलं, तर मालकाने ड्रायव्हरशी भांडण्याआधी नियंत्रकाची तार तपासावी.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कमानीवरचे कॅमेरे आले, आणि उपनगरातल्या टूरवाल्यांच्या चलानांत मोठी भर पडली ती तिथे. घाटातली मर्यादा मोकळ्या पट्ट्याहून बरीच कमी आहे. ट्रॅव्हलर बोरिवलीचा, पार्टी कांदिवलीची आणि चलान लोणावळ्याजवळचं, हा आता रोजचा हिशोब झाला आहे.

तो हिशोब मिटतो कसा? धंद्यात मालक आणि ड्रायव्हर यांची नाती चार-पाच तऱ्हेची आहेत, आणि चलानाचा भार त्याप्रमाणे फिरतो. पगारी ड्रायव्हर असेल तर रीत साधी: वेगाचं, सिग्नलचं, सीटबेल्टचं चलान ड्रायव्हरचं, कागदपत्रांचं आणि पीयूसीचं मालकाचं. रीत तशी न्याय्य आहे, फक्त ती लेखी कुठेच नसते आणि वसुली पगारातून परस्पर होते. इथे कामगार कायदा आडवा येतो. मालकाने नोकराला करायचा दंड एका पगारात तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं जुन्या वेतन कायद्यात होतं आणि नव्या वेतन संहितेतही आहे. ‘हा माझा दंड नाही, पोलिसांचा आहे, मी फक्त कापून घेतोय,’ असा युक्तिवाद मालक करतो. पण पोलिसांनी ड्रायव्हरला दंड केलेलाच नसतो. त्याचं नावही त्यांना ठाऊक नसतं. कलम १३३ प्रमाणे नाव कळवलं असतं, तर दंड खरोखर ड्रायव्हरचा ठरला असता आणि त्याला तो नाकारण्याचा, त्याविरुद्ध बोलण्याचा हक्कही मिळाला असता. आज त्याला फक्त वजावट मिळते.

कमिशनवर चालवणाऱ्याचं निराळं. त्याला भाड्यातला हिस्सा मिळतो, म्हणून फेऱ्या जास्त माराव्या लागतात, म्हणून वेग लागतो, आणि चलान पडलं की ते हिशेबात दोघांत अर्धं-अर्धं होतं. रोजच्या ठरावीक रकमेवर गाडी घेऊन ॲपवर चालवणाऱ्याला तर चलान पूर्ण लागतं. गाडीचा मालक कंपनी किंवा गुंतवणूकदार असतो, तो रक्कम डिपॉझिटमधून वळती करतो. सर्वांत सुटसुटीत तो, ज्याची गाडी त्याचीच आणि चालवणाराही तोच. त्याच्याकडे तक्रार करायला कुणी नसतं. बहुधा म्हणूनच तो हळू चालवतो.

पार्टी या सगळ्यात कुठे? टूर्सवाल्याचं कोटेशन काढून पाहा. किलोमीटरचा दर असतो, टोल आणि पार्किंग वेगळं असतं, ड्रायव्हरचा नाइट हॉल्ट आणि जेवणाचा भत्ता असतो, वेटिंगचा ताशी दर असतो. चलानाबद्दल एक शब्द नसतो. ट्रिप संपते, पैसे चुकते होतात, आणि मेसेज येतो तो नंतर. नियमाने नोटीस गुन्ह्यापासून पंधरा दिवसांच्या आत निघायला हवी. पंधरा दिवसांत ड्रायव्हरने नोकरी सोडलेली असू शकते, पार्टीचा नंबर ‘शिर्डी १२ सीटर’ या नावाने सेव्ह असतो, आणि त्या दिवशी गाडीवर नेमका कोण होता यावर मालकाच्या ऑफिसात वाद सुरू होतो. वाद मिटवणारा कागद असतो तो ड्युटी स्लिपचा. ड्रायव्हरचं नाव, गाडी बाहेर पडल्याची वेळ, सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, पार्टीची सही. नव्या प्रवासी वाहनांना २०१९ पासून ठिकाण सांगणारं जीपीएस यंत्रही सक्तीचं आहे. म्हणजे कोण, कुठे, किती वेगाने याचा पुरावा मालकाच्या हाताशी असतो. तो पोलिसांपर्यंत जात नाही, एवढंच.

मालक शेवटी भरतो, कारण पासिंग. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी फिटनेससाठी न्यावी लागते. अंधेरीची एमएच-०२ असो, बोरिवलीची एमएच-४७ किंवा वडाळ्याची एमएच-०३, थकलेली चलानं स्क्रीनवर दिसली की काम अडतं. गाडी विकायला काढली तरी तेच. मग मालक एका दिवशी दीड-दोन वर्षांची चलानं एकदम भरतो, आणि त्यातली निम्मी कुणाची हे सांगणारा ड्रायव्हर तोवर गावी गेलेला असतो.

स्वतः चालवायला गाडी भाड्याने घेतली तर? इथे कायदा जुनाच आहे. केंद्राची ‘रेंट अ कॅब’ योजना १९८९ ची आहे, आणि परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. अशा गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. गोव्यात ही पाटी पावलोपावली दिसते, उपनगरांत त्यामानाने कमी. इथे निदान चालवणारा कोण हे पक्कं ठाऊक असतं. करारावर त्याचं नाव, लायसन्सची प्रत आणि डिपॉझिट असतं, आणि चलान त्यातून कापलं जातं. सही करण्यापूर्वी करारातली दोन कलमं वाचावीत: चलानावर वरून ‘हाताळणी शुल्क’ किती आणि चलान नाकारायचं झालं तर गाडीवाला मदत करणार का. पण मित्राच्या किंवा सोसायटीतल्या कुणाच्या पांढऱ्या पाटीच्या ईकोला ‘पेट्रोल-पाणी आणि वर थोडे’ देऊन नेलं, तर वेगाचं चलान ही किरकोळ बाब ठरते. परवान्याशिवाय भाडं मारल्याचा दंड पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत जातो. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच.

चलान चुकीचं वाटलं तर लढता येतं का? येतं, आणि साधनं लोकांना वाटतात त्याहून बरी आहेत. नुसत्या ‘मला वाटलं गाडी जोरात होती’ या एका साक्षीवर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही. यंत्राचं मोजमाप लागतं, असं कलम १८३ स्वतःच सांगतं. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७ अ प्रमाणे कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी रस्त्यावर हवी. २०२५ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने वेग मोजणारी रडार यंत्रंही वैधमापन नियमांखाली आणली. भाजीवाल्याच्या वजनकाट्याला जो शिक्का लागतो, तसाच आता स्पीडगनलाही. राज्याच्या वाहतूक ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथून न सुटलं तर न्यायालय. चलानांसाठीचं राज्याचं आभासी न्यायालय २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला सुरू झालं. मुलुंड चेकनाक्यावर चुकलेल्याचा निवाडा काटोलला! फक्त तिथे जावं लागत नाही, हे बरं.

वाहतूकदारांचा सगळ्यात भारी मुद्दा मुदतीचा आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्येही आहे. पहिल्या वेळचा अतिवेग या वर्गात बसतो. मग तीन वर्षांपूर्वीचं, न्यायालयात कधीच न गेलेलं चलान पोर्टलवर कशाच्या आधारावर ठाण मांडून बसतं? या प्रश्नाला सरकारकडून सरळ उत्तर आलेलं नाही. अधूनमधून लोकअदालत भरते आणि तडजोडीने खाती साफ होतात. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि त्याआधी तेलंगणाने घसघशीत सूट देऊन थकबाकी वसूल केली. सूट लोकप्रिय होते यात नवल नाही, पण वेळेवर भरणाऱ्याला ती वेड्यात काढते आणि पुढच्या सुटीची वाट पाहायला शिकवते.

साचलेलं सगळं जुलै २०२५ मध्ये बाहेर आलं. ई-चलानाच्या विरोधात राज्यातल्या वाहतूकदारांनी बेमुदत संप पुकारला, शाळेच्या बसवाल्यांनीही सामील होण्याचा इशारा दिला. मागण्यांत जुना दंड माफ करा हेही होतं, आणि मुलं उतरवायला थांबलेल्या गाडीला पार्किंगचं चलान नको असं रास्त गाऱ्हाणंही होतं. बोलणी झाली, संप मिटला. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश त्याच सुमारास निघाला, आणि तो योग्यच होता. पण संपाच्या मागण्यांत आणि सरकारच्या उत्तरांतही ड्रायव्हर कोण हा प्रश्न कुणी लावून धरला नाही. मालकांच्या संघटनेला रक्कम कमी हवी होती आणि सरकारला वसुली.

इतर देशांनी हा गुंता कसा सोडवला? ब्रिटनमध्ये नोटीस चौदा दिवसांत नोंदणीकृत मालकाकडे पोचते आणि त्याने अठ्ठावीस दिवसांत चालवणाऱ्याचं नाव कळवायचं असतं. कळवलं नाही, तर त्याच्याच लायसन्सवर सहा गुण चढतात, वेगाच्या नेहमीच्या शिक्षेहून जास्त. भाड्याने गाडी देणारी कंपनी मुकाट्याने ग्राहकाचं नाव देते. (मोठ्या व्हॅनची मर्यादा तिथेही मोटारीहून कमी आहे, आणि हौसेने व्हॅन घेऊन फिरणारे पर्यटक त्यात हमखास सापडतात.) जर्मनीने दुसरं टोक धरलं आहे: वेगाचा दंड फक्त चालवणाऱ्याला. म्हणून कॅमेरा समोरून चेहऱ्याचा फोटो काढतो. तरी ड्रायव्हर सापडला नाही तर प्रकरण बंद होतं, पण मालकाला प्रत्येक फेरीची चालक-वही ठेवायचा हुकूम होऊ शकतो. इटलीत भाडेकरू मालकाच्या जागी येतो, आणि परदेशी राहणाऱ्याला नोटीस पोचवायला ३६० दिवसांची मुदत असते. टस्कनीत आठवडाभर गाडी फिरवून आलेल्या विलेपार्ल्याच्या कुटुंबाला पुढच्या दिवाळीत इटालियन भाषेतला लखोटा येतो तो यामुळे. तिन्ही ठिकाणी पद्धत वेगळी, पण ‘चालवत कोण होतं’ हा प्रश्न टाळलेला कुठेच नाही.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम १३३ आहेच. मेसेजमधल्या लिंकवर ‘मी चालवत होतो’ आणि ‘दुसरं कुणी चालवत होतं’ असे दोन पर्याय द्यावेत. दुसरा निवडला तर लायसन्स नंबर मागावा, त्या माणसाला नोटीस जावी, आणि त्याने नाकारलं तर ड्युटी स्लिप आणि जीपीएस बघावं. मालकांना हे आवडेल, ड्रायव्हरांना सुरुवातीला आवडणार नाही. पण पगारातून परस्पर कापलं जाण्यापेक्षा स्वतःच्या नावाची नोटीस केव्हाही बरी, कारण तिला उत्तर देता येतं.

मात्र ड्रायव्हरपाशी थांबलं तरी गोष्ट अर्धीच राहते. सीप्झ, मालाड, पवईतल्या कंपन्यांच्या रात्रपाळीच्या गाड्या पाहा. कंत्राटात उशिराला कपात असते, वेळेआधी पोचल्याला काही नसतं. दोन पिकअपच्या मधली वेळ कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलेली असते. ड्रायव्हर रात्रीची ड्युटी संपवून सकाळी शाळेची फेरी मारतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती पाच माणसांपेक्षा लहान धंद्याला लागू नव्हती, आणि उपनगरातला टूर्सवाला बहुधा तेवढाच असतो. एप्रिल २०२३ मध्ये गोरेगावच्या ढोलपथकाची बस पुण्याहून परतताना बोरघाटात दरीत कोसळली आणि तेरा जण गेले, ती पहाटेची वेळ. त्याच वर्षी जानेवारीत माणगावजवळ गुहागरला निघालेल्या ईकोला ट्रक धडकला, तीही पहाट. हे अपघात वेगानेच झाले असं मला म्हणायचं नाही. पण भाड्याची गाडी कुठल्या वेळेला आणि कसल्या घाईत रस्त्यावर असते, ते त्यातून कळतं.

आणि इथे कलम १८३ मधलं चौथं पोटकलम येतं. ते वाचलेला वकील क्वचित भेटतो, टूर्सवाला तर नाहीच. एखादा प्रवास ठरावीक वेळात पुरा करावा असं वेळापत्रक कुणी काढलं किंवा तशी सूचना कुणी दिली, आणि वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात तो पुरा होणं शक्य नव्हतं असं न्यायालयाला वाटलं, तर ते वेळापत्रक किंवा ती सूचना हाच देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. कंपनीचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर यात येतो. उशिराची कपात लिहिणारा कंत्राटदार येतो. आणि गणपतीच्या आदल्या रात्री अकरा वाजता बोरिवलीहून ट्रॅव्हलर काढून, सामान चढवण्यात पाऊण तास घालवून, मग कशेडी ओलांडायच्या आत ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲपवर ‘सहाच्या आत चिपळूण झालंच पाहिजे’ असं लिहिणारी पार्टीही येऊ शकते.